जोते भरण्याआधी

नगरच्या नागापूर, बोल्हेगाव, नवनागापूर या पट्ट्यात नवे घर उभे राहिले की फाटकाजवळ एक गोष्ट हमखास दिसते: रस्त्यावरून पार्किंगमध्ये मोटारसायकल चढवण्यासाठी केलेला सिमेंटचा उतार. एमआयडीसीत पाळीला जाणाऱ्या माणसाची गाडी रात्री-अपरात्री घरात घ्यावी लागते, त्यामुळे हा उतार कोणाला सांगावा लागत नाही, गवंडी आपणहून करतो. पार्किंग संपले की मात्र तीन-चार पायऱ्या येतात, बहुधा गुळगुळीत ग्रॅनाइटच्या. पुढे दोन इंचांचा उंबरठा. आत हॉल प्रशस्त, पण संडासाचे दार इतके चिंचोळे की धडधाकट माणूससुद्धा हातात बादली असेल तर आडवा होऊन शिरतो. दीडशे किलोची गाडी घरात जाते, व्हीलचेअरवरचा माणूस पार्किंगमध्येच थांबतो.

या लेखाचा आग्रह एवढाच आहे की नवे घर बांधताना त्यात तीन गोष्टी असाव्यात. एका तरी दाराने पायरी न चढता आत येता यावे. तळमजल्यावरच्या प्रत्येक दारातून व्हीलचेअर जावी. आणि तळमजल्यावर एक संडास असा असावा की तिथे खुर्चीसकट शिरता येईल. ही यादी माझी नाही. अमेरिकेतल्या अटलांटा शहरात एलेनॉर स्मिथ यांनी १९८७ मध्ये हीच मागणी घेऊन चळवळ सुरू केली. पोलिओमुळे त्या स्वतः व्हीलचेअर वापरत. दिव्यांगांसाठी चार वेगळी घरे बांधून भागणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. प्रत्येक नवे घर असे हवे की तिथे निदान पाहुणा म्हणून जाता येईल. ब्रिटनने पुढे १९९९ पासून इंग्लंड आणि वेल्समधल्या नव्या घरांना या धर्तीचे नियम लावले.

आपल्याकडचा अनुभव वेगळा नाही. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांना ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर कमरेखाली अपंगत्व आले. त्यांनी १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था काढली. ‘चाकाची खुर्ची’ हे त्यांचे आत्मचरित्र घर बांधायला काढलेल्या प्रत्येकाने वाचावे असे आहे. जिना आणि संडास या दोन गोष्टी माणसाचे शिक्षण, नोकरी आणि नाती कशी ठरवतात, हे त्यातून जितके कळते तितके कोणत्याही नियमावलीतून कळत नाही.

‘आमच्या घरात कोणी अपंग नाही’ हे उत्तर मला नेहमी मिळते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली, पण आकडा बाजूला ठेवू. आईचे गुडघे, वडिलांना आलेला अर्धांगवायू, कारखान्यात पायावर पडलेला जॉब, मनमाड रस्त्यावरचा अपघात, सिझेरियन होऊन घरी आलेली सून: यातले काहीच ज्या घरात पंचवीस वर्षांत घडले नाही, असे घर दाखवा. बांधकामाचे कर्ज वीस वर्षे फेडायचे असते. तेव्हा आजच्या गुडघ्यांकडे पाहून घर बांधणे हिशेबात बसत नाही.

कायद्यावर फार विसंबू नका. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २१ प्रकारचे दिव्यांगत्व मानतो आणि आस्थापनांच्या इमारतींना सुगम्यतेची अट घालतो. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे नियम निव्वळ शिफारशीवजा ठेवता येणार नाहीत, असे स्पष्ट केले. पण हा सगळा रोख सार्वजनिक वापराच्या इमारतींवर आहे. तुमच्या गुंठा-दीड गुंठ्यातल्या बंगल्याचे दार किती रुंद असावे, हे कोणी अधिकारी तपासायला येणार नाही. ते तुम्हालाच ठरवायचे आहे, आणि तेही लाइनआउटच्या आधी.

आता जोत्याकडे येऊ, कारण खरी अडचण तिथेच आहे. आपल्याकडे जोते उंच घेण्याला कारण आहे. रस्त्याचे डांबर दर वेळी जुन्या थरावरच चढते आणि दहा वर्षांत घर रस्त्याच्या पातळीला येते. सीना नदीच्या काठाजवळच्या सखल भागात तर पावसाळ्याची धास्ती असतेच. म्हणून कोणी दोन फूट घेतो, शेजाऱ्याचे पाहून दुसरा अडीच, तिसरा तीन. ही चढाओढ मात्र निरर्थक आहे. इंजिनिअरला रस्त्याची आजची पातळी, गटाराची पातळी आणि पाणी कुठे साचते हे विचारा, आणि त्यावरून लागेल तेवढेच जोते घ्या. प्रत्येक जादा इंच रॅम्पची लांबी एक फुटाने वाढवतो.

हा एका इंचाला एक फूट हिशेब म्हणजेच एकास बाराचा उतार. व्हीलचेअर स्वतः ढकलणाऱ्याला याहून चढा उतार झेपत नाही, आणि मागून ढकलणाऱ्या म्हाताऱ्या बायकोला तर नाहीच. दीड फूट जोत्याला अठरा फूट रॅम्प लागतो. इथे बहुतेक लोक हात टेकतात. तीस बाय चाळीसच्या प्लॉटमध्ये अठरा फूट आणायचे कुठून?

उत्तर असे की सगळा चढ एका ठिकाणी घ्यायचा नाही. पार्किंग आणि अंगणात नाहीतरी मुरमाचा भराव टाकायचाच असतो. तो फाटकाकडून घराकडे हळूहळू चढत नेला तर सहा-सात इंच नकळत निघून जातात. डोळ्याला उतार दिसतसुद्धा नाही. उरलेला फूटभर चढ घराच्या बाजूच्या भिंतीला लागून बारा फुटांच्या रॅम्पने घेता येतो. पुढचे दार नको असेल तर बाजूचे किंवा स्वयंपाकघराचे दार चालेल. फक्त ते दार रोजच्या वापरातले असावे, सिलिंडर आणि कचऱ्याचा डबा ठेवायची जागा नसावी. बाजूला सोडायच्या मोकळ्या जागेत रॅम्प नकाशावर कसा दाखवायचा, हे परवानगीच्या आधी इंजिनिअरकडून पक्के करून घ्या. नागापूरला महापालिका आहे, नवनागापूरला ग्रामपंचायत. कागद कुठे द्यायचे ते प्लॉट कुठल्या हद्दीत आहे त्यावर ठरते.

रॅम्पची रुंदी चार फूट ठेवावी, अगदीच अडले तर तीन. वळण येते तिथे आणि दारासमोर पाच फूट बाय पाच फूट सपाट जागा हवी. दारासमोर सपाट जागा नसेल तर माणूस कुलूप काढत असताना खुर्ची मागे घरंगळते. उघड्या कडेला दोन-तीन इंचांची कड करा, म्हणजे चाक खाली उतरणार नाही. दोन्ही बाजूंना कठडा असला तर उत्तम. पृष्ठभाग खरखरीत हवा. पार्किंगच्या टाइल किंवा झाडूने रेघा ओढलेला कोबा पुरतो. रॅम्पवर ग्रॅनाइट बसवणाऱ्या ठेकेदाराला त्यावरून जूनमध्ये चालून दाखवायला सांगावे.

रॅम्प रस्त्यावर मात्र उतरवू नका. गटारावर आणि डांबरावर आलेला उतार अतिक्रमण ठरतो, आणि पुढच्याची वाटही अडवतो. पांढरी काठी घेऊन रस्त्याच्या कडेने जाणाऱ्या अंध माणसाला आपल्या गल्लीतले हे उतार दर तीस फुटांवर लागतात.

उंबरठ्याचे काय, हा प्रश्न घरातल्या ज्येष्ठ बाई विचारतातच, आणि तो रास्त आहे. नव्या सुनेने माप ओलांडायचे कुठे, दिवाळीत हळदी-कुंकू वाहायचे कुठे? उंबरठा ठेवा. फक्त तो चार सुतांपेक्षा, म्हणजे अर्ध्या इंचापेक्षा उंच नको आणि दोन्ही कडांना तासलेला असावा. उंबरठ्याने पाऊस अडतो हा समज तपासून पाहा. पाऊस अडवायचा तर दारावर रुंद छज्जा हवा, बाहेरच्या सपाट जागेला घरापासून दूर जाणारा किंचित ढाळ हवा, आणि दाराबाहेर फरशीत जाळीची पन्हळ हवी. या तीन गोष्टी नसतील तर दोन इंचांच्या उंबरठ्यावरूनही पाणी आत येते, हे पश्चिमेला दार असलेल्यांना ठाऊक आहे.

दारांच्या बाबतीत गोंधळ मापाच्या पद्धतीमुळे होतो. आपण ‘अडीच फुटी दार’ म्हणतो, ते चौकटीचे बाहेरचे माप असते. तीस इंचांतून दोन्ही बाजूंची अडीच-अडीच इंचांची चौकट वजा केली की पंचवीस उरतात. दार काटकोनात उघडल्यावर फळीची जाडी आणखी इंच-सव्वा इंच खाते. हातात आले जेमतेम चोवीस. साधी व्हीलचेअर पंचवीस-सव्वीस इंच रुंद असते, शिवाय चाक फिरवणाऱ्याच्या हाताची बोटे. म्हणजे अडीच फुटी दार नावालाच. मोकळी वाट बत्तीस इंच मिळायला हवी, आणि त्यासाठी लाकडी चौकट बाहेरून सव्वातीन फूट घ्यावी लागते. संडासाला हल्ली ग्रॅनाइटची पातळ चौकट बसवतात. तिथे थोड्या कमी मापात भागते. सुताराला चौकटीचे माप सांगू नका. ‘दार उघडल्यावर बत्तीस इंच मोकळे पाहिजे’ असे सांगा, आणि चौकट भिंतीत रोवण्याआधी स्वतः टेप धरून बघा. रोवल्यावर वाद घालून उपयोग नसतो.

पॅसेज अरुंद असेल तर रुंद दाराचाही फायदा होत नाही, कारण खुर्ची वळायला जागा लागते. साडेतीन-चार फूट पॅसेज ठेवा. त्याहून चांगले म्हणजे पॅसेज काढून टाका. लहान घरात तो जागेची उधळपट्टी असते.

संडास-बाथरूम हा भाग नीट वाचा, कारण घरात पडण्याची जागा बहुतेकदा हीच असते आणि खर्चही इथेच वाया जातो. रूढ माप चार बाय सहा किंवा चार बाय सात. सरकारी नियमांत दिव्यांगांच्या स्वच्छतागृहासाठी बरीच वर्षे चालत आलेले किमान माप १५०० बाय १७५० मिलिमीटर आहे, साधारण पाच फूट बाय पावणेसहा फूट. नव्या केंद्रीय मार्गदर्शक सूचना याहून मोठी जागा मागतात. घरगुती तडजोड म्हणून संडास आणि बाथरूम एकत्र करा आणि पाच बाय आठ ठेवा. वेगवेगळी चार बाय चारची दोन खुराडी करण्यापेक्षा एक नीट खोली बरी. सोवळ्या-ओवळ्याच्या कारणाने दोन्ही वेगळे हवे असेल, तर निदान एक तरी मोठे असू द्या.

दार बाहेर उघडणारे किंवा सरकते असावे. आत पडलेला माणूस दाराला टेकून पडला, तर आत उघडणारे दार त्याच्या अंगामुळे उघडतच नाही आणि घरच्यांना ते तोडावे लागते. कडीसुद्धा अशी घ्या की बाहेरून नाणे फिरवून निघेल.

फरशीची पातळी हा पुढचा वाद. बाथरूम दोन इंच खाली असलेच पाहिजे, असे प्लंबर आणि गवंडी दोघेही सांगतील. पाणी बाहेर येऊ नये म्हणून ढाळ लागतो, पायरी लागत नाही. स्लॅब किंवा कोबा आधीच खाली घेतला, नहाणी ट्रॅप दारापासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यात ठेवला आणि तिकडे पाणसळ लावून ढाळ काढला, तर दारात चार सुतांचा फरक पुरतो. हे आधी ठरले नाही तर नंतर पाइप उखडल्याशिवाय जमत नाही.

कमोड हवा. सवय भारतीय पद्धतीच्या संडासाची असेल तर तो दुसरा ठेवा, पण तळमजल्यावर एक कमोड असू द्या. बैठक जमिनीपासून अठरा-एकोणीस इंचांवर यावी. बाजारातले बरेच कमोड यापेक्षा ठेंगणे असतात, म्हणून दुकानात टेप लावून मोजा. भिंतीपासून कमोडच्या मध्यापर्यंत अठरा इंच, आणि दुसऱ्या बाजूला खुर्ची लावायला तीन फूट मोकळे.

आधाराच्या दांड्या आज बसवल्या नाहीत तरी चालतील, पण भिंत आज तयार ठेवा. दांडीवर माणसाचा सगळा भार येतो. हलक्या सिपोरेक्स ब्लॉकमध्ये साधा बोल्ट धरत नाही. म्हणून कमोडच्या बाजूला आणि मागे, जमिनीपासून दोन ते तीन फूट उंचीच्या पट्ट्यात पक्क्या विटा किंवा काँक्रीट भरून घ्या, आणि टाइल लावण्याआधी त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. दांडी साधारण सव्वादोन ते अडीच फुटांवर, दीड इंच जाडीची, स्टीलची. टॉवेलची दांडी हे काम करत नाही. ती माणसासकट हातात येते. नळ, जेट आणि बादलीची जागा बसल्या हाताला येईल अशी ठेवा.

या सगळ्यावर पाणी फिरवणारी आमच्या भागातली एक पद्धत आहे. एमआयडीसीत भाडेकरूंना तोटा नाही, म्हणून तळमजला भाड्याने देऊन मालक वरच्या मजल्यावर राहतो, बाहेरून जिना. भाड्यातून हप्ता सुटतो, व्यवहार चांगला आहे. पण आई-वडीलही वरच जातात आणि साठी-पासष्टीनंतर त्यांचे खाली उतरणे दवाखान्यापुरते उरते. तळमजला पूर्ण देऊ नका. एक खोली, तिला लागून वर सांगितलेला संडास आणि स्वतंत्र दार, एवढे हातचे राखून ठेवा. गरज नसेल तेव्हा एकट्या कामगाराला ती खोली भाड्याने देता येते; गरज पडेल तेव्हा महिनाभरात मोकळी करून घेता येते. हप्त्याच्या गणितात फार फरक पडत नाही.

जिन्याची पायरी सहा इंच उंच आणि अकरा-बारा इंच रुंद असावी. जागा वाचवण्यासाठी आठ इंचांच्या पायऱ्या करतात, त्या सगळ्यांनाच जड जातात. पायरीच्या कडेला वेगळ्या रंगाची पट्टी घ्या. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना एकरंगी ग्रॅनाइटचा जिना सपाट दिसतो. दिव्यांची बटणे साडेचार फुटांऐवजी साडेतीन फुटांवर, प्लगची जागा जमिनीपासून दीड-दोन फुटांवर. ऐकू न येणाऱ्यासाठी बेलबरोबर पेटणारा दिवा लावता येतो. यातल्या कशालाही फारसा जादा पैसा लागत नाही, फक्त इलेक्ट्रिशियनने भिंतीला झिरी मारण्याआधी सांगावे लागते.

फ्लॅट घेणाऱ्यांसाठी थोडे. जाहिरातीत लिफ्ट असते, पण लिफ्टपर्यंत जायला चार पायऱ्या असतात. साइटवर जाल तेव्हा आधी त्या पाहा. लिफ्टचे दार मोजा. वीज गेल्यावर लिफ्ट कशावर चालते ते विचारा. आरक्षणाच्या वेळीच आतल्या दारांची आणि एका बाथरूमची मापे बदलून मागा, भिंती उभ्या राहण्याआधी बरेच बिल्डर ऐकतात. महारेराने २०२४ मध्ये ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या गृहप्रकल्पांना मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, पण ती त्या नावाने विकल्या जाणाऱ्या प्रकल्पांपुरती आहेत. प्रधानमंत्री आवास योजनेतल्या इमारतीत घर मिळणार असेल आणि कुटुंबात दिव्यांग किंवा वृद्ध असतील, तर तळमजल्याला किंवा खालच्या मजल्याला प्राधान्याची तरतूद आहे. ती अर्जातच लेखी मागावी.

घरातली व्यक्ती दिव्यांग असेल तर आणखी एक दार ठोठावायला हवे. महापालिका आणि ग्रामपंचायत यांनी स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांग कल्याणावर खर्च करायची असते. तुमच्याकडे त्यातून यंदा काय मिळते, याची चौकशी प्रमाणपत्र घेऊन प्रत्यक्ष जाऊन करा.

नकाशा अंतिम करण्याआधी तो एका व्हीलचेअर वापरणाऱ्या माणसाला दाखवावा, असे मी सुचवीन. ओळखीत कोणी नसेल तर नगरमध्ये दिव्यांग तरुणांसाठी काम करणारी अनामप्रेमसारखी संस्था आहे. पुण्याला जाणे झाले तर खडकीचे, जखमी जवानांसाठी १९७४ मध्ये सुरू झालेले पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. इंजिनिअरला कागदावर न दिसणारी अडचण अशा माणसाला लगेच दिसते: दाराच्या कडीच्या बाजूला खुर्ची लावायला जागा आहे का, पलंगाला वळसा घालता येतो का, खिडकीतून बसल्या जागी बाहेरचे दिसते का.

ज्यांचे जोते भरून झाले आहे त्यांनी हे सगळे सोडून देऊ नये. चौकटी अजून बसल्या नसतील तर उद्या सकाळी साइटवर टेप घेऊन जा आणि संडासाच्या दाराचे माप वाढवून घ्या. त्या दिवशी ते काम एका गवंड्याचे अर्ध्या दिवसाचे असते.